जुन्या जीपचा रंग : आधी पत्रा, मग तकाकी

गळिताचा हंगाम उरकत आला, उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होऊन उरलेले पैसे हाती पडले, की राहून गेलेली कामे डोके वर काढतात. कुणाला गोठ्याचे पत्रे बदलायचे असतात, कुणाला विहिरीवरची मोटर भरून घ्यायची असते. ज्यांच्या दारात जुनी जीप आहे, त्यांच्या घरात "यंदा हिला रंग देऊन घेऊ" ही गोष्ट हमखास निघते.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट नुसत्या हौसेची समजू नका. १९४७ साली महिंद्र कंपनीने आपल्या देशात विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे तिचीच भावंडे रानावनात, ओढ्याचिखलात राबत आली. दूध, खत, बियाणे आणि अपरात्री दवाखान्यात न्यायचे माणूस, सारे तिनेच वाहिले. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स दुसरा मिळतो. पण पत्रा कुजला, की गाडी भंगाराच्या वाटेला लागते. रंग हे त्या पत्र्यावरचे छप्पर आहे. म्हणून कोणता रंग देखणा, यापेक्षा कोणता रंग आपल्या ऐपतीत राहून पत्रा वाचवील, हे आधी पाहावे.

शिरोलीला काय करून घ्यावे

पुणे-बेंगळुरू महामार्गावर, पंचगंगेपलीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे. कोल्हापूरच्या फौंड्री धंद्याचे हे एक मोठे ठिकाण. ओतकामाच्या जोडीला तेथे वाळूच्या किंवा लोखंडी छऱ्यांच्या माऱ्याने लोखंड साफ करण्याचे कामही चालते. या कामाचा उपयोग आपण करून घ्यावा, पण तारतम्याने. चेसिस, चाकांच्या डिस्क, बंपर असे जाड लोखंड या माऱ्याने लख्ख होते. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे यांचा पातळ पत्रा मात्र जोरदार माऱ्याने वाकडातिकडा होतो. तो हातानेच, पॉलिश पेपर आणि तारेच्या ब्रशने साफ करावा.

पावडर कोटिंगचेही तसेच. यात रंगाची पूड बसवून वस्तू भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. थर कणखर होतो. परंतु त्या उष्णतेत रबर, वायरिंग आणि साधी लांबी टिकत नाही. म्हणून डिस्क, बंपर, हुडाचे पाइप असे सुटे होणारे भागच पावडर कोटिंगला द्यावेत.

गंज कोठे दडतो

उसावरचा तांबेरा पानावर दिसतो. गाडीचा गंज आतून येतो. वर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो. पायाखालचे रबर उचलून फ्लोअर पाहा. मडगार्डची आतली कड, दरवाजाचा तळ, पुढच्या काचेच्या फ्रेमची खालची पट्टी आणि सीटखालचे खण तपासा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. टणटणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. भदभद आवाज आला, तर समजून चुकावे.

जीपमधून खत वाहत असाल तर अधिक जपा. म्युरेट ऑफ पोटॅश हे एक प्रकारचे मीठच आहे. सांडलेले खत ओलावा धरून ठेवते आणि पत्रा खाते. खत उतरवल्यावर गाडी झाडून, धुऊन, वाळवून ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला होता. त्या पुरात जी गाडी उभी राहिली असेल, तिच्या पोकळ भागांतला गाळ पाण्याच्या जोराने बाहेर काढून, पाणी निचऱ्याची भोके मोकळी करूनच रंगाला हात घालावा.

भोक पडले असेल तर तेथे नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा. भोकात लांबी भरून वर रंग मारणे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! दोन पावसाळ्यांत लांबी सुटते, आणि भोक पहिल्यापेक्षा मोठे झालेले असते.

इनॅमल की पीयू?

सिंथेटिक इनॅमल हा दाराखिडक्यांना देतात तो ओळखीचा रंग. तो स्वस्त असतो, ब्रशने, रोलरने किंवा गनने देता येतो, आणि खरचटले तर घरी डागडुजी करता येते. जीपचा पत्रा बहुतेक सपाट असल्याने काळजीपूर्वक दिलेला ब्रशचा हात चार पावलांवरून खुपत नाही. दोष इतकाच की उन्हाने काही वर्षांत त्याची तकाकी उतरते. लहान जीपला दोन हात द्यायला साधारण तीन-चार लिटर रंग पुरतो. खाली रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा प्राइमर हवा.

पीयू हा हार्डनर मिसळून द्यायचा दोन डब्यांचा रंग. तो कडक आणि चकचकीत असतो, उन्हाला व डिझेलला चांगली दाद देत नाही. पण तो महाग, आणि त्याखाली इपॉक्सी प्राइमर लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. ते फवाऱ्यातून छातीत गेले तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. म्हणून पीयूचे काम घरच्या पडवीत करू नये. योग्य मास्क आणि हवेशीर बूथ असलेल्या पेंटरकडेच द्यावे.

जुन्या रंगावर नवा चढवण्याआधी कोपऱ्यात थिनरचा बोळा मिनिटभर घासून पाहा. रंग विरघळला किंवा सुरकुतला, तर त्यावर पीयू मारू नये. खालचा थर उकलून वर येतो. असा रंग पूर्ण काढावा, नाहीतर त्यावर इनॅमलच द्यावे.

आमचे सांगणे असे : राबणाऱ्या जीपला नीट साफ केलेल्या पत्र्यावर इनॅमल पुरेसे आहे. पैसे मोजकेच असतील, तर मोठा वाटा वेल्डिंग, साफसफाई आणि प्राइमरला द्यावा. उरेल त्यात रंग बसवावा. कुजक्या पत्र्यावरच्या पीयूपेक्षा धड पत्र्यावरचे इनॅमल जास्त वर्षे काढते.

हवा, धूळ आणि मुले

दमट हवेत रंग देऊ नये. पत्र्यावर दव असते, म्हणून ऊन चढल्यावर सुरू करून दुपारपर्यंत हात पुरा करावा. ग्राइंडिंग चालते तेथे ओली गाडी ठेवू नये. लोखंडाचा कीस रंगावर बसून पुढे गंजतो आणि तांबूस ठिपके उठतात.

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांसाठी सरकारने २०१६ च्या नियमांनी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरवली. आपल्या जीपचा रंग त्याआधीचा असू शकतो. म्हणून पाणी घेऊनच घासावे, धूळ उडवू नये. लहान मुले, गरोदर बाई, जनावरांची वैरण आणि पिण्याचे पाणी लांब ठेवावे. घासलेला चिखल ओढ्यात किंवा शेणखताच्या उकिरड्यात टाकू नये.

कागद सांभाळा

गाडीचा रंग आर.सी.वर नोंदलेला असतो. तो बदलणार असाल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून नोंद करून घ्यावी. लष्करी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, कितीही आवडला तरी देऊ नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखलेला आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. ती वेळ जवळ आली असेल, तर पत्र्याचे काम आधीच उरकलेले बरे.

पेंटरशी दर ठरवताना घरातल्या बाईमाणसांनाही सोबत न्या. चौकशी जास्त बारकाईने होते. भोके वेल्डिंगने बुजवणार की लांबीने, प्राइमर कोणता, त्याचे हात किती, हे विचारून कागदावर लिहून घ्या. आणि प्राइमर लागल्यावर, रंग चढण्याआधी, एकदा स्वतः जाऊन गाडी पाहून या. रंग चढल्यावर आतले काही दिसत नाही.