जुना संगणक काढण्यापूर्वी

मैत्रिणींनो, जुनं कपाट विकताना आपण खण चाचपून बघतो ना? संगणकाचंही तसंच करा बरं! आमच्या ह्यांच्या दुकानाचे हिशेब ‘टॅली’वर. नवा संगणक आला, हिशेब पेनड्राइव्हवर उतरवले, आणि जुना भंगारवाल्याला द्यायला मी मोकळी! शेजारच्या मुलाने वेळीच अडवलं, “काकू, लायसन्स सरेंडर केलंत का?”

हिशेबाची नक्कल होते, परवान्याची नाही. तो आधी जुन्या संगणकावरून सोडवावा लागतो. इंटरनेट सुरू ठेवून एफ-१ दाबायचे, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. मगच नव्यावर तो चालू होतो.

पण पासवर्ड? नोंदणी नोकरी सोडून गेलेल्या दिवाणजींच्या ई-मेलवर! शेवटी त्यांना चहाला बोलावलं. पोहेही केले.