मंदश्रवण श्रोता आणि मराठी वाक्याचा अंत

ज्यास कमी ऐकू येते त्याच्याशी आवाज चढवून बोलले म्हणजे पुरे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने ती अपुरी ठरते. वार्धक्यजन्य श्रवणदोषात उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम क्षीण होतात. स्वरांची शक्ती मुख्यतः निम्न कंप्रतांत असल्यामुळे ते ऐकू येतात. स, श यांसारख्या घर्षकांची शक्ती उच्च कंप्रतांत असते, म्हणून ते निसटतात. ‘साठ’मधील सकार गळाला की ‘आठ’ उरते. ओरडण्याने स्वर बळावतात. व्यंजने त्या मानाने मागेच राहतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार येथूनच उद्भवते.

अमेरिकेत पिचेनी, डरलॅक व ब्राइडा यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, नेहमीच्या बोलण्यापेक्षा जाणीवपूर्वक स्पष्ट उच्चारलेली वाक्ये मंदश्रवण श्रोत्यांस सरासरीने शेकडा सुमारे १७ गुण अधिक कळली. अशा उच्चारात गती मंदावते, विराम वाढतात आणि शब्दान्तीची व्यंजने पूर्णपणे उच्चारली जातात.

मराठीच्या संदर्भात यांपैकी शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची होय. शीळफाट्यावर कल्याण, पनवेल, मुंब्रा व महापे यांच्याकडील रस्ते एकत्र येतात आणि अवजड वाहनांचा घरघराट चालू असतो. तेथे एखाद्या वृद्धाने गाडीची चौकशी केली असता ‘कल्याणहून’ की ‘कल्याणला’ हे केवळ प्रत्ययावरून ठरते. ‘ही गाडी पनवेलला जात नाही’ यातील नकार तर वाक्याच्या अगदी शेवटी येतो. नेमका तेथेच वक्त्याचा श्वास सरतो व आवाज उतरतो. ‘नाही’ हरवले की अर्थ उलटतो आणि माणूस भलत्याच गाडीत चढतो.

दृष्टी कानाची उणीव काही अंशी भरून काढते. प आणि त यांतील भेद ओठांवर दिसतो. प, ब, म यांतील भेद ओठांवर दिसत नाही, परंतु ब आणि म यांचा घोष व म-चे अनुनासिकत्व निम्न कंप्रतांतून कानास जाणवते. म्हणून वक्त्याने जवळ, समोर व उजेडात उभे राहावे, तोंडावर हात धरू नये. विषय आधी सांगून छोटी वाक्ये योजावीत आणि प्रत्यय व क्रियापद संपेपर्यंत आवाज टिकवावा. एकदा सांगून न कळल्यास तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलावेत: ‘पनवेलची गाडी वेगळी आहे’ असे म्हटल्यास अर्थाचा सारा भार अखेरच्या नकारावर राहत नाही.