लाकूड : बाह्य पृष्ठसंस्करण

उघड्यावरील लाकडी बांधकामाचे ऊन, पाऊस, कवक व कीटक यांपासून रक्षण व्हावे आणि त्याचे स्वरूप टिकावे, म्हणून त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर तेल, रंजक, व्हार्निश किंवा रंगलेप देण्याच्या क्रियेस बाह्य पृष्ठसंस्करण म्हणतात. पडवीचे खांब, कठडे, खिडक्यांची झडपे, अंगणातील फळ्यांचा उघडा ओटा, झोपाळा, मासेमारी नौका इत्यादींना ते ठराविक काळाने पुनःपुन्हा करावे लागते. पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) डहाणूसारख्या किनारी भागात या क्रियेला विशेष महत्त्व आहे.

ऱ्हासाची कारणे : सूर्यप्रकाशातील जंबुपार प्रारणामुळे लाकडातील तंतूंना सांधून ठेवणाऱ्या लिग्निनाचे अपघटन होते. सुटा झालेला भाग पावसाने धुऊन जातो व सेल्युलोजाचे राखी रंगाचे तंतू उघडे पडतात. ही झीज फार मंद असते. शंकुमंत वृक्षांच्या लाकडात ती शतकात सु. ६ मिमी. इतकीच आढळते. खरी हानी ओलाव्याने होते. ओले झालेले लाकूड फुगते व वाळताना आकसते, त्यामुळे त्याला चिरा पडतात. चिरांतून पाणी आत मुरून आर्द्रता २० टक्क्यांपेक्षा अधिक राहिली, तर लाकूड कुजविणारी कवके वाढू लागतात. डहाणू परिसरात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व त्यानंतर कडक ऊन असते. समुद्रावरील वाऱ्याबरोबर येणारे क्षार हवेतील ओलावा शोषून पृष्ठभाग दमट ठेवतात आणि लोखंडी खिळे गंजवितात. गंज व लाकडातील टॅनीन यांच्या संयोगाने काळे डाग पडतात. म्हणून किनाऱ्यावर पितळी, तांब्याचे किंवा अगंज पोलादाचे खिळे व स्क्रू वापरणे इष्ट ठरते.

लाकडाची निवड : सागाचे मध्यकाष्ठ त्यातील तैलद्रव्यांमुळे वाळवी व कवके यांना चांगला प्रतिकार करते. सागाच्या या टिकाऊपणामुळे मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणी प्रसिद्धीस आली. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने तेथे अनेक सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मधील ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. परंतु सागाच्या रसकाष्ठात हा गुण नसतो. कोवळ्या वृक्षांच्या लाकडात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असल्याने ते केवळ ‘साग’ म्हणून टिकत नाही. अशा लाकडावर आधी परिरक्षक द्रव्यांची प्रक्रिया करावी लागते. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम् यांनी १९३३ मध्ये शोधलेले तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण यासाठी जगभर वापरले गेले. तथापि आर्सेनिकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती बांधकामासाठी त्याचा वापर थांबविण्यात आला. प्रक्रिया केलेले असे जुने लाकूड तासू नये व जाळू नये.

लेपांचे प्रकार : लेपांचे दोन वर्ग पडतात. व्हार्निश व रंगलेप यांचा पृष्ठभागावर पापुद्रा तयार होतो. तेल व तैलयुक्त रंजके लाकडात मुरतात. पापुद्रा आरंभी चकचकीत दिसतो. पण लाकडाच्या हालचालीने त्याला चिरा गेल्या की, त्याखाली शिरलेले पाणी सहज बाहेर पडत नाही. लेप सुटू लागतो व तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा देता येत नाही. मुरणारा लेप मात्र झिजतो, पण सुटत नाही. पृष्ठभाग धुऊन त्यावरच नवा हात देता येतो. म्हणून ज्यावर पाणी साचते व पाय पडतात, अशा आडव्या फळ्यांना तो अधिक योग्य असतो. साधारणतः दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. पारदर्शक तेलापेक्षा लोह ऑक्साइडासारखी रंगद्रव्ये असलेले रंजक अधिक टिकते, कारण रंगद्रव्ये जंबुपार प्रारण अडवितात.

कृती : प्रथम सैल झालेले खिळे ठोकून व कुजलेल्या फळ्या बदलून घेतात. नंतर साबणाचे पाणी व ताठ केसांचा ब्रश यांनी मळ व शेवाळ काढतात. काळे डाग ऑक्झॅलिक अम्लाच्या सौम्य विद्रावाने जातात. हे अम्ल विषारी असल्याने हातमोजे वापरावेत व लाकूड भरपूर पाण्याने धुवावे. वाळल्यावर राखी थर पॉलिश कागदाने तंतूंच्या दिशेने घासून काढतात, कारण मृत तंतूंवर दिलेला लेप धरत नाही. लेप देताना लाकडातील आर्द्रता १५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. फळीवर टाकलेला पाण्याचा थेंब लवकर मुरला, तर पृष्ठभाग लेप घेण्यास योग्य समजतात. नव्या सागावरील तैलांश टर्पेंटाइनाने पुसून घेतात. लेप तंतूंच्या दिशेने पातळ देऊन न मुरलेला भाग फडक्याने टिपतात. फळीची टोके पाणी सर्वांत अधिक शोषतात. म्हणून त्यांना दोन-तीन हात देतात. कोकण किनाऱ्यावर पावसाळा संपून लाकूड वाळल्यानंतरचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या कामास सोयीचे असतात.

दक्षता : जवसाच्या तेलाचे ऑक्सिडीकरण होताना उष्णता निर्माण होते व त्यात भिजलेली फडकी ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. ती सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात ठेवावीत. जुन्या रंगलेपात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगलेपांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग इतके मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले.

महत्त्व : डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने परिस्थितिकीय दृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला आहे. सागाचा वृक्ष चांगले मध्यकाष्ठ देण्याइतका वाढण्यास पन्नास-साठ वर्षे लागतात. निगा राखलेली फळी तितकाच काळ टिकली, तरच तोड व वाढ यांचा मेळ बसू शकतो. छपराचे पुढे आलेले पाखे, जमिनीपासून उचललेले खांब व फळ्यांमधील फटी यांमुळे लाकूड कोरडे राहते. पृष्ठसंस्करण या रचनेला पूरक असते, तिची जागा ते घेऊ शकत नाही.