योन्याकर्ष : भयाने मिटणारे स्नायू आणि वैद्याचे कर्तव्य

विवाहास तीन वर्षे झालेली एक रुग्णा अपत्यप्राप्तीच्या इच्छेने आमच्याकडे आली. सोबत सासूबाई होत्या. मासिक पाळी नियमित, सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष, पतीची वीर्यतपासणीही समाधानकारक. आम्ही नाडी पाहिली, आहारविहार विचारला आणि फलघृत लिहून दिले. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा योगायोगाने एकटीच होती. आम्ही विचारले, "पती-पत्नीचा संबंध व्यवस्थित होतो ना?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग खाली पाहतच म्हणाली, "डॉक्टर, अजून झालेलाच नाही."

तीन वर्षांत जो प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, तो पहिल्या भेटीत आम्हीही विचारला नव्हता. फलघृतात दोष नव्हता; दोष आमच्या प्रश्नपरीक्षेत होता. या चुकीची कबुली देऊनच हा विषय वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

व्याधीचे स्वरूप

योनिमार्गात काही प्रविष्ट होणार, या केवळ कल्पनेनेही योनिमार्गाभोवतीचे श्रोणितलाचे स्नायू आपोआप आकुंचित होतात. डोळ्यासमोर अचानक बोट आले की पापणी मिटते, तसेच हे घडते. त्यात रुग्णेच्या इच्छेचा भाग नसतो. मांड्या जुळतात, कंबर उचलली जाते, श्वास रोखला जातो. वेदना होते, वेदनेने भय वाढते आणि भयाने आकुंचन आणखी दृढ होते. अनेक रुग्णांना मनात पतीविषयी प्रेम व इच्छा असते. म्हणून 'तिला संसारच नको आहे' हा घरच्यांचा निष्कर्ष बहुधा चुकीचा व फार दुखविणारा ठरतो.

'व्हजायनिस्मस' ही संज्ञा अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स मॅरियन सिम्स यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. त्यांचा उपचार योनिमुखाचा छेद घेण्याचा व नंतर विस्फारण करण्याचा होता. पुढे मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पती-पत्नी दोघांना सोबत घेऊन क्रमाक्रमाने करावयाचे उपचार मांडले व शस्त्राची जागा अभ्यासाने घेतली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात योन्याकर्ष व मैथुनवेदना यांना एकाच शीर्षकाखाली आणले आहे, कारण आकुंचन, वेदना आणि भय यांना वेगळे काढणे प्रत्यक्षात कठीण असते.

संहितांच्या प्रकाशात

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद वर्णिल्या आहेत. त्यांतील कोणतीही एक व्यापद म्हणजे हाच व्याधी, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि साधर्म्य स्पष्ट आहे. वातिक योनिव्यापदेत तोद व स्तंभ सांगितला आहे. अंतर्मुखीत तीव्र वेदना व मैथुनास असमर्थता आहे. सुश्रुताचार्यांच्या परिप्लुतेत मैथुनसमयीची अतिशय रुजा आहे. वायूवाचून योनी दूषित होत नाही, हा चरकांचा सिद्धांत आणि भयाने वायू वाढतो, हे त्यांचेच निरीक्षण एकत्र ठेवले, तर संप्राप्तीचा मार्ग दिसू लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. अशा रुग्णेला 'सूचीमुखी' म्हणण्याचा मोह होतो. सूचीमुखीत योनिमुख जन्मतःच सूक्ष्म असते. योन्याकर्षात मार्ग प्राकृत असून भोवतीचे स्नायू त्याला मिटवितात. 'तुमची जागाच लहान आहे' हे वैद्याच्या तोंडचे एक वाक्य रुग्णेच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहते.

परीक्षण

प्रश्न एकांतात विचारावा; सासूबाई, आई व पती यांना काही काळ बाहेर बसवावे. त्रास प्रथमपासून आहे की प्रसूती, शस्त्रकर्म, योनिदाह यांनंतर सुरू झाला, हे जाणून घ्यावे. बालपणी वा विवाहानंतर बळजबरी झाली होती का, हेही सौम्यपणे विचारावे. पटलयुक्त योनिच्छद, बुरशीजन्य संसर्ग, योनिमुखाचा दाह, एंडोमेट्रिओसिस, स्तन्यकाळातील वा रजोनिवृत्तीनंतरची रूक्षता यांचा विचार झालाच पाहिजे. शंका असेल तेथे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

स्थानिक परीक्षा पहिल्याच दिवशी झाली पाहिजे असे नाही. रुग्णेची संमती असेल तेव्हाच, स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत, तिच्या हाती आरसा देऊन करावी. तिने हात वर केला की थांबावे. बळेच लावलेले स्पेक्युलम, बळेच ठेवलेला पिचू किंवा बळेच दिलेला उत्तरबस्ती हे व्याधी दृढ करणारे हेतूच होत.

चिकित्सा

चरकांच्या त्रिविध चिकित्सेतील सत्त्वावजयास येथे अग्रस्थान आहे. प्रथम रचनेची माहिती, चित्र काढून. नंतर दीर्घ श्वसन आणि श्रोणितलाचे स्नायू आवळून सोडण्याचा अभ्यास. यात आवळण्यापेक्षा सोडणे महत्त्वाचे. पुढे रुग्णेने स्वतःच, स्निग्ध बोटाने, योनिमुखास केवळ स्पर्श करणे. मग एका बोटाचे अग्र. मग क्रमाने वाढत्या आकाराचे डायलेटर. प्रत्येक पायरी निर्भयपणे जमेपर्यंत पुढची पायरी घेऊ नये. या काळात संभोगाचा प्रयत्न पूर्णपणे थांबवावा व तसे पतीस समक्ष सांगावे. पुढे केव्हा जायचे, हे पत्नीने ठरवावे.

या मार्गाचे बळ दाखविणारा एक अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रथमपासून त्रास असलेल्या ७० स्त्रिया होत्या. तज्ज्ञ स्त्री जवळ असताना रुग्णेने स्वतःच्या हाताने अभ्यास केला. उपचार घेतलेल्या ३५ पैकी ३१ जणींना संबंध शक्य झाला. प्रतीक्षेत ठेवलेल्या ३५ जणींत ही संख्या ४ होती.

अभ्यंग, कटी व अधोदराचे मृदू स्वेदन आणि चिंता अधिक असल्यास प्रकृती पाहून दिलेले अश्वगंधा किंवा ब्राह्मी यांचा उपयोग सहायक म्हणून करता येतो. अश्वगंधा देताना गर्भधारणा नाही याची खात्री करावी. केवळ तेलाने वा गोळीने हा आकर्ष सुटेल असे आश्वासन मात्र देऊ नये. बळजबरीचा इतिहास वा तीव्र भय असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

औषधालयचालकांसाठी

अशा दांपत्यातील पती बहुधा प्रथम आपल्या दुकानाच्या काउंटरवर येतो आणि दबल्या आवाजात 'पत्नीसाठी काहीतरी' मागतो. बधिर करणारे मलम किंवा उत्तेजक चूर्ण त्याच्या हाती देऊ नये. बधिरतेने वेदनेचे कारण झाकले जाते आणि भय तसेच राहते. 'दोघे मिळून वैद्यांना भेटा, हे बरे होते' एवढे सांगावे. तिळतेल व खोबरेल तेल लॅटेक्सच्या निरोधाला कमकुवत करतात, हेही ग्राहकास सांगणे आवश्यक आहे. मैथुनसामर्थ्य वाढविण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, याचे स्मरण फलक लावताना ठेवावे.

कायद्याशी निगडित आणखी एक गोष्ट वैद्यांनी ध्यानात घ्यावी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, प्रतिवादीच्या असमर्थतेमुळे विवाहाची शारीरिक पूर्तता झाली नसेल, तर तो विवाह रद्द ठरविण्याची मागणी करता येते. म्हणून 'संबंधास अयोग्य' असा शेरा घाईने लिहू नये. साध्य व्याधीवर असाध्यतेचा शिक्का मारला गेला, तर त्याची किंमत रुग्णा आयुष्यभर मोजते.

आमच्या रुग्णेच्या पतीस आम्ही बोलाविले. तोही मनातून खचलेला होता. पत्नीला आपण आवडत नाही, असेच तो समजून चालला होता. दोघांनी सात महिने अभ्यास केला. मध्ये दोनदा त्या मागे आल्या, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. अखेर एका सकाळी दोघे सोबत आले आणि औषध न मागताच, केवळ सांगण्यासाठी म्हणून बसले. अपत्याचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

तेव्हापासून आमच्या वंध्यत्वाच्या रुग्णपत्रिकेत एक ओळ वाढविली आहे : 'संबंध होतो का? वेदना होते का?' हा प्रश्न एकांतात विचारावयाचा आहे, अशी खूण त्या ओळीपुढे केलेली आहे. आपल्या रुग्णपत्रिकेतही ती असावी, ही आमची विनंती.