सलग ५१ सामने हरलेला संघ

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, मुलांना आपण नेहमी जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी सांगतो ना? ही एक हरणाऱ्यांची.

ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. चेंडू लंबगोल, एका बाजूला १८ खेळाडू. मेलबर्न विद्यापीठाचा ‘युनिव्हर्सिटी’ संघ १९०८ मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये आला. १९११ पासून लीगने खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली. हा संघ मात्र हौशीच राहिला. शिवाय खेळाडूंना अभ्यास, परीक्षा सांभाळायच्या होत्या. मग काय, पराभव सुरू झाले. सलग ५१! १९१४ च्या हंगामानंतर संघाने लीग सोडली.

पण एक्कावन्नाव्या सामन्यालाही ते मैदानात उतरलेच होते. वर्गात हरून रडणाऱ्या मुलाला हे नक्की सांगा.