खालच्या थरातलं शिसं

अमरावतीच्या परकोटाच्या आतली किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातली सागवानी दारं जवळून पाहावीत. जिथे पोपडा उडालाय तिथे थर दिसतात: वर कॉफी, खाली हिरवा, त्याखाली पिवळा. सणासुदीला, लग्नाकार्याला एकेक हात चढत गेलेला. भिंतींचं तसं नव्हतं. त्यांना चुना आणि नीळ, फार तर पिवळी माती. शिसं घरात आलं ते ऑइलपेंटच्या डब्यातून. दारं, खिडक्या, गज, पाळणा यांना तो लागला आणि पुढे शाळा-दवाखान्यांच्या भिंतींवर कमरेएवढा पट्टा होऊन बसला. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला डबाही खिडकीच्या गजांवरच संपायचा.

शिसं घालण्यात रंगवाल्यांचा फायदा होता. लेड क्रोमेटने पिवळा आणि केशरी झळझळीत येतो, निळ्यात मिसळला की हिरवा. शिशाची काही संयुगं रंग लवकर वाळावा म्हणूनही पडत, त्यामुळे पांढरा डबाही निर्दोष म्हणता येत नाही. लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारायचं केशरी ‘रेड लेड’ अस्तर रसायनाच्या हिशेबाने शेंदूरच.

धोका ओळखायला जगाने उशीर केला असंही नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच आजारी मुलांचा माग काढत व्हरांड्याच्या कठड्यावरच्या रंगाकडे बोट दाखवलं होतं. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशाला १९७८ मध्ये बंदी घातली.

आपल्याकडे प्रश्नाला तोंड फुटलं ते रक्ततपासणीतून. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने सात शहरांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिसं तेव्हाच्या धोकारेषेच्या, म्हणजे डेसिलीटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या, वर होतं. त्या शहरांत महाराष्ट्रातली मुंबई होती. वऱ्हाडाच्या जवळचा पुरावा नागपूरचा. डॉ. अर्चना पटेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे तीनशे लहान मुलांपैकी दोन-तृतीयांश त्या रेषेवर निघाली. हे आकडे एकट्या रंगाच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल; पेट्रोलमधलं शिसं देशभरातून हटलं तेच मुळी २००० मध्ये. पुढे अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने आपली रेषा २०२१ पर्यंत ३.५ वर आणली. जुने आकडे आज वाचताना हेही ध्यानात ठेवावं लागतं.

मला जास्त खटकतो तो २००६ चा अभ्यास. सिनसिनाटी विद्यापीठाच्या स्कॉट क्लार्क यांच्या गटाने भारतासह काही आशियाई देशांतल्या दुकानांतले रंग तपासले. काही ब्रँडचा रंग एका देशात शिशाने भरलेला होता, तर दुसऱ्या देशात अमेरिकेच्या मर्यादेत बसत होता. म्हणजे बिनशिशाचा रंग बनवायची विद्या कारखान्यांकडे होतीच, सक्ती तेवढी नव्हती. भारतात ती आली १ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने आणि वर्षभराने लागू झाली: घरगुती व सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत. औद्योगिक रंग तिच्या बाहेर राहिले.

या नियमाने नवा डबा सुधारला. दारावर आधीच बसलेल्या रंगाला तो हात लावत नाही. आणि वऱ्हाडात तोच रंग सुटतो. पंचेचाळीस अंशांपुढचा उन्हाळा आणि लगेच पावसाची ओल, यात लाकूड आकसतं, फुगतं आणि रंग तडकतो. घराची पाहणी करायची तर तिथूनच सुरुवात करावी. २०१७ च्या आधीचा ऑइलपेंट कुठे आहे? पिवळा, केशरी, लाल, हिरवा थर कुठे दिसतो? चौकटीला घासणाऱ्या खिडक्यांच्या फळीवर भुकटी साचते का, आणि रांगतं लेकरू तिथवर पोहोचतं का? धड असलेला, न घासला जाणारा रंग त्या मानाने कमी त्रासाचा. खात्रीसाठी एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र सगळ्या थरांमधलं शिसं काही सेकंदांत सांगतं. ते नसेल तर प्रयोगशाळेला नमुना द्यावा, पण तो लाकडापर्यंतचे सगळे थर घेऊन. नुसता वरचा पापुद्रा पाठवला तर गेल्या दिवाळीचा रंग तपासून येतो.

मुलांच्या पोटात मुख्यतः धूळ जाते, म्हणून अमेरिकेत फरशी पुसून तीही तपासतात. २०१९ मध्ये त्यांनी फरशीवरच्या धुळीतल्या शिशाची मर्यादा चौरस फुटाला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. जुनं दार कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की खोलीभर याच्या कितीतरी पट शिसं धुळीतून बसू शकतं. आपला पेंटर पत्रीने खरवडतो, ब्लो लॅम्पने जाळतो, तोंडाला फार तर रुमाल. शिसं सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जातं, आणि कपड्यांवरून त्याच्या घरी. पाणी मारून घासणं, खाली प्लॅस्टिक अंथरणं, पोरांना आणि गरोदर बाईला काम होईतो दुसरीकडे ठेवणं यांना फारसा खर्च नाही. काम मात्र रेंगाळतं, आणि दिवाळीच्या तोंडावर ते कुणालाच नको असतं.

अमेरिकेत १९७८ आधीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना त्यातल्या शिशाच्या रंगाची ठाऊक असलेली माहिती लेखी द्यावी लागते. हा नियम १९९६ पासूनचा. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा येते, विहिरीतला हिस्सा येतो, रंगाचा रकाना नाही.