वजनाचं ऑपरेशन शहरात झालं, आता गावात जेवायचं कसं?

ऑपरेशन करून आलेल्या माणसाला भेटायला गावात कुणी रिकाम्या हातानं जात नाही. कुणी केळी नेतं, कुणी बिस्किटाचा पुडा, मावशी-आत्या असेल तर शिऱ्याचा डबा. अपेंडिक्सचं ऑपरेशन असेल तर हे चालूनही जातं. पण वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवरून आलेल्या माणसापुढं तोच डबा उघडला आणि "दोन घास तरी खा, ताकद कशी येणार" म्हणून आग्रह झाला, की तिथून घोळ सुरू होतो. पाहुणा प्रेमानं बोलतो, पेशंटला नाही म्हणवत नाही, आणि अर्ध्या तासात उलटी.

या ऑपरेशनला डॉक्टर बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ही फक्त शहरातल्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. शुगर, बीपी, गुडघे आणि झोपेत श्वास अडकणं याला कंटाळून तालुक्याच्या गावांतूनही लोक पुण्या-मुंबईला, नाशिकला जाऊन ती करून घेतात. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. हातात आहाराचा कागद असतो आणि त्यावर ओट्स, ब्रोकोलीचं सूप, टोफू असलं काहीबाही लिहिलेलं असतं. घरात ज्वारी, तूरडाळ, हुलगे आणि गोठ्यातलं दूध. डायटिशियन शे-दीडशे किलोमीटरवर. ऑपरेशन तासा-दोन तासांचं, पण जेवायला नव्यानं शिकायचं काम पुढं वर्षभर चालतं, आणि ते गावातच करावं लागतं.

पोटात नेमकं काय बदलतं

दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, त्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे चहाचा एक कप. बायपासमध्ये जठराची वरची अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. म्हणजे माणूस कमी खातो, आणि खाल्लेल्यातलं सगळं अंगीही लागत नाही.

कापलेल्या भागात भूक लावणारं एक संप्रेरक तयार होतं. त्यामुळं पहिले काही महिने भूकच लागत नाही. घरच्यांना वाटतं पेशंट हट्ट करतोय. हट्ट नसतो, पोट खरंच मागत नसतं. मागतं ते डोकं. कढईत भजी पडल्याचा वास आला की हात पुढं जातो, कारण वर्षानुवर्षं कंटाळा आला, भांडण झालं, शेतातून दमून आलं की काहीतरी तोंडात टाकायची सवय असते. पोट लहान झालं तरी ती सवय कापून निघत नाही. बरेच जण पहिल्या दोन-तीन महिन्यांत उदास होतात ते यामुळंही. जेवण ही त्यांची सोबत होती, ती एकाएकी गेली.

पातळापासून भाकरीपर्यंत

प्रत्येक दवाखान्याचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, त्यामुळं आपल्या कागदावर जे आहे तेच खरं. साधारण क्रम असा असतो : पहिले एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेली निवळी. दोन आठवड्यांपर्यंत पातळ पदार्थ. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग दीड-दोन महिन्यांपर्यंत मऊ. त्यानंतर हळूहळू नेहमीचं.

या क्रमात आपल्या स्वयंपाकघरातलं बरंच बसतं. मुगाचं गाळलेलं कढण, पातळ ताक, साय काढलेलं दूध, बिनगुळाचं आणि बिनतिखटाचं हुलग्याचं माडगं, गाळलेलं चिकनचं पाणी. पुढं मिक्सरमधून काढलेलं घट्ट वरण, कुस्करलेलं अंडं, घरचं मऊ पनीर. ब्रोकोलीसाठी तालुक्याला गाडी काढायची गरज नाही. फक्त कागदावरचा पदार्थ बदलण्याआधी डायटिशियनला एक फोन करावा, कारण तिलाही आपल्याकडं काय पिकतं ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

एक चूक मात्र घरोघरी होते. वरणाचं वरचं पाणी पाजलं म्हणजे पोषण झालं असं समजतात. पहिल्या दिवसांत ते ठीक. पण पुढं रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वरणाच्या पाण्यात ती नावालाच असतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर मांसही झडतं. हिशेब करून बघा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. दिवसभरात दोन पेले, म्हणजे ४०० मिली दूध, १३ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर, ९. वाटीभर घट्ट वरण, ६. वाटीभर दही, ५. बेरीज झाली ४५. उरलेली तूट चिकन-मासळी, सोयाबीनच्या वड्या किंवा डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर यातून भरावी लागते. आणि एवढं सगळं एका वेळी मावणार नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं.

त्यामुळं ताट उलटं होतं. आपण भाकरी मुख्य धरतो आणि कालवण तिला लावायला. आता आधी डाळ, अंडं, पनीर किंवा मासळी, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. चपाती, पाव आणि मोकळा भात अनेकांना छातीत अडकल्यासारखा होतो. रेषेचं मटणही तसंच. भाकरी सुरू करायला डॉक्टरांनी सांगितलं की मऊ कुस्करून, घट्ट वरणात भिजवून, सुपारीएवढ्या घासानं. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. पोट भरल्याची पहिली खूण अनेकांना पोटात नाही, छातीच्या मध्यभागी जड वाटून किंवा नाक गळून मिळते. तिथं थांबायचं. ताटात टाकू नये हा आपल्याकडचा संस्कार आहे, पण इथं तो बाजूला ठेवावा लागतो. त्यापेक्षा वाढतानाच चमच्यानं वाढावं.

पाण्याचा नियम शेतकऱ्याला सगळ्यात जड जातो. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि तरी दिवसभरात दीड-दोन लिटर गेलं पाहिजे. तांब्या तोंडाला लावून गटागटा प्यायची सोय संपली. उन्हाळ्यात कांदा काढायला किंवा ऊस तोडायला गेलेला माणूस घामानं आटतो आणि दोन घोटांच्या वर पिऊ शकत नाही. म्हणून बाटली कमरेला आणि दर पाच-दहा मिनिटांनी घोट. लघवी गडद व्हायला लागली की पाणी कमी पडतंय. सोडा आणि कोल्ड्रिंक पूर्ण बंद.

साखरेचा फेर आणि ग्लुकोजचं सलाईन

बायपास झालेल्या माणसानं जिलेबी, पुरणपोळी, उसाचा रस असं गोड घेतलं की कधी कधी अर्ध्या तासात दरदरून घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. साखर एकदम आतड्यात उतरते म्हणून हे होतं. गावात याला 'बीपी लो झाला' म्हणतात आणि वरून साखरपाणी पाजतात. त्यानं त्रास वाढतोच. आडवं व्हावं, बहुतेकदा तासाभरात उतरतं. पण दुसरीही बाजू आहे. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ऑपरेशननंतर जुना डोस जास्त पडून रक्तातली साखर खरोखर घसरू शकते. काहींना गोड खाल्ल्यावर दोन-तीन तासांनीही ती घसरते. म्हणून घरात साखर तपासायचं मशीन ठेवावं आणि आधी आकडा बघावा. आकडा कमी असेल तर साखर द्यायचीच. मशीन नसेल, गोळ्या चालू असतील आणि माणूस बरळायला लागला तर कमी साखर समजून साखर द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

सगळ्यात धोक्याची गोष्ट उलट्यांची. चुकून मोठा घास गेला आणि एकदा उलटी झाली तर घाबरायचं कारण नाही. पण दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल तर जीवनसत्त्व बी-१ संपू लागतं. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांचाच असतो. ते संपलं की चालताना झोक जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूला झालेली इजा कायमची राहू शकते. आपल्याकडं उलट्या आणि अशक्तपणा म्हटलं की पहिली ग्लुकोजची बाटली लागते. बी-१ संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवणं घातक ठरू शकतं. बी-१ चं इंजेक्शन त्याआधी किंवा त्याच्यासोबत द्यावं लागतं. गावातल्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं माहीतच नसेल तर ते तरी काय करणार? बरेच पेशंट लाजेपोटी 'हर्नियाचं झालंय' असं सांगतात, आणि तीच लाज इथं महागात पडते.

अंगदुखीच्या गोळीचंही तसंच. कंबर धरली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायची सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. तंबाखू आणि बिडीनंही. ताप किंवा दुखण्याला पॅरासिटामॉल चालते का ते विचारून ठेवावं. दारू तर आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. लग्नाच्या वरातीत नेहमीचा पेला घेऊन गाडी चालवायला बसणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात जोराची कळ, नाडी सारखी वेगानं चालणं, धाप किंवा एका पिंडरीला सूज यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन करावा.

घरातलं कोण

कॅल्शियम, लोह, डी, बी-१२ आणि मल्टिव्हिटॅमिन ही औषधं जन्मभराची असतात. वजन उतरलं, अंग हलकं वाटलं की लोक ती सोडतात. वर्ष-दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या येतात, रक्त कमी निघतं, आणि ऑपरेशनच्या नावानं बोटं मोडली जातात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढं दरवर्षी रक्त तपासावं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेकदा परत येतात. प्रथिनं कमी पडली तर जास्त गळतात.

पेशंट बाई असेल तर प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खायची पद्धत, आणि हिला मात्र दिवसातून सहा वेळा, तेही सावकाश बसून खायचंय. सासूसमोर अकरा वाजता अंडं खायला बसणं सोपं नाही. वर श्रावणातले सोमवार, नवरात्र. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपवास धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्याचा कूट यावर भर द्यावा, आणि पहिलं वर्ष तरी निर्जळी टाळावी. गरोदरपणही १२ ते १८ महिने लांबवायला सांगतात. त्यासाठी कोणतं साधन वापरायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं, कारण बायपासनंतर गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो.

म्हणून ऑपरेशनआधी दवाखान्यात समजावून सांगतात तेव्हा स्वयंपाक करणारं माणूस सोबत नेलं पाहिजे. नवरा गाडी चालवायला जातो आणि बाहेर थांबतो, त्याचा उपयोग नाही. घरात एकानं तरी आलेल्या-गेलेल्याला तोंडावर सांगायची जबाबदारी घ्यावी की आग्रह करू नका.

घराबाहेरचा आधार शोधावा लागतो. अशी ऑपरेशनं करणारे बरेच दवाखाने जुन्या-नव्या पेशंटच्या बैठका घेतात, काही ठिकाणी फोनवरही. डिस्चार्जच्या वेळीच विचारावं, आणि आपल्याच तालुक्यातलं कुणी आधी करून गेलंय का हेही. त्यांची तयारी असेल तर दवाखाना गाठ घालून देऊ शकतो. ज्यानं दोन वर्षांपूर्वी पहिली भाकरी खाऊन ओकलीय, त्याच्याशी दहा मिनिटं बोललेलं आहाराच्या कागदापेक्षा जास्त कामाला येतं. मन फारच खचलं तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

लपवण्याचं कारण नाही हे पटत नसेल तर नितीन गडकरींकडं बघावं. त्यांनी २०११ मध्ये असं ऑपरेशन करून घेतलं, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गावात टोमणे बसतातच, 'लाखो रुपये घालून उपाशी राहतोय' म्हणून. वजन मध्येच दोन-तीन आठवडे एका जागी थांबतं, तेव्हा टोमणे जास्त लागतात. ते थांबणं नेहमीचंच आहे. वजन खरं परत चढतं ते वर्ष-दीड वर्षांनी, आणि भाकरीनं नाही. दर घरी साखरेचा चहा, सोबत खारी, पारावर फरसाण. हे मऊ-कुरकुरीत लहान पोटातूनही सहज खाली सरकतं आणि दिवसभर खाता येतं. चहा बिनसाखरेचा, नाहीतर नुसता हातात धरून बसावं.

लग्नाच्या पंगतीला जायचं असेल तर घरून अंडं किंवा पनीर खाऊन निघावं, ताटाऐवजी एक वाटी मागून घ्यावी. आणि खिशात किंवा मोबाइलच्या कव्हरमागं एक चिठ्ठी ठेवावी : स्लीव्ह की बायपास, कोणत्या तारखेला, कोणत्या दवाखान्यात, तिथला फोन नंबर, चालू औषधं. गावातल्या डॉक्टरांपुढं बसल्यावर आधी ती चिठ्ठी टेबलावर ठेवायची, मग काय होतंय ते सांगायचं.